नदीसकट देऊळ

कोम ओम्बोच्या देवळात एक विहीर आहे, तिथूनच सुरुवात करते. हे देऊळ इजिप्तमध्ये नाईलच्या अगदी काठावर, लक्झर आणि अस्वानच्या मधे आहे. एकाच वास्तूत दोन देव, एक मगरीच्या तोंडाचा सोबेक आणि दुसरा ससाण्याच्या तोंडाचा थोरला होरस, दोघांचे दरवाजे वेगळे, गाभारे वेगळे. बहुतेक लोक एवढं बघतात, शेजारच्या म्युझियममधल्या मगरींच्या ममी बघतात आणि बोटीवर परत जातात. विहीर आवारातच एका बाजूला आहे, गोल, दगडी बांधणीची, आत वळत उतरणाऱ्या पायऱ्या. फ्लडलाइटच्या पिवळ्या उजेडात आई कठड्याला धरून आत वाकली आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली बारवच की." गाईडने सांगितलं की नाईलचं पाणी जमिनीखालून या विहिरीत यायचं, पुराच्या दिवसांत आतलं पाणी किती चढलं ते पुजारी बघायचे आणि त्यावरून यंदा पीक कसं येणार, शेतकऱ्याकडून सारा किती घ्यायचा, हे ठरायचं. म्हणजे नदी मोजायची सोयच देवळात होती.

आता ती विहीर काही मोजत नाही. अस्वानचं मोठं धरण १९७० साली पूर्ण झालं आणि हजारो वर्षं न चुकता येणारा नाईलचा पूर खालच्या खोऱ्यात यायचाच थांबला. विहीर जागेवर आहे, पायऱ्या आहेत, पण जिच्यासाठी ती खणली ती नदी काही तशी राहिली नाही. त्या कठड्याशी उभं असताना माझ्या डोक्यात जे आलं ते अजून गेलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. नदीकाठचं जुनं देऊळ आणि ती नदी या दोन वेगळ्या वस्तू नाहीतच. सभामंडप जसा देवळाचा, गाभारा जसा देवळाचा, तशी नदीही देवळाचीच, आणि बोटीतून देवळं दाखवायचा धंदा करायचा असेल, तिकडे काय किंवा इकडे काय, तर हे आधी मान्य करावं लागेल, कारण एकदा मान्य केलं की बऱ्याच गोष्टी बदलाव्या लागतात.

लिहायचं दुसरं कारण ठाण्यातलंच आहे. मी कोलशेत रोडला राहते, खाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले त्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा ५३ नंबरचा आहे, आणि तेव्हापासून कोलशेत, काल्हेर, डोंबिवली अशी जेट्टींची नावं आम्ही ऐकतोय. सोसायटीच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी जलवाहतुकीची बातमी टाकतं आणि मग चर्चा सुरू होते की नुसती वाहतूक कशाला, क्रूझ सुरू करा, घोडबंदरचा किल्ला, कल्याणचा दुर्गाडी, अंबरनाथचं शिवमंदिर, घारापुरी असं सर्किट करा, परदेशात बघा नदीवर काय काय करतात. या वर्षी जानेवारीत मी आईला घेऊन नाईलच्या क्रूझवर जाऊन आले हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे मला विचारलं की तूच सांग कसं असतं ते. ग्रुपवर चार ओळीत सांगण्यासारखं नव्हतं.

पहिल्यांदा हे स्पष्ट करते की मी बोटीच्या बाजूची आहे. आई बहात्तर वर्षांची, गुडघे दुखतात, तिला लक्झर ते अस्वान बसने नेलं असतं तर प्रत्येक देवळाशी ती बसमध्येच बसून राहिली असती. बोटीवर तसं झालं नाही. पहाटे उठून ती डेकवर जाऊन बसायची, शाल गुंडाळून, आणि काठ सरकत जाताना बघायची. खजुराची झाडं, उसाची शेतं, गाढवावर चारा लादून चाललेला माणूस, पाण्यात उतरलेल्या म्हशी, आणि हिरवा पट्टा संपला की लगेच मागे कोरडा पिवळा डोंगर, मधे काहीच नाही. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली की ह्या लोकांचं सगळं या एका पाण्यावर आहे, मग ते देव दुसरीकडे कुठे बसवणार. इतकं सरळ मला कुठल्या गाईडनेही सांगितलं नव्हतं. नदीवरून गेल्याशिवाय तिला ते दिसलं नसतं, मलाही नाही, म्हणून बोट हवीच.

पण बोट कशी चालवतात ते बघा. कोम ओम्बोच्या आधी एडफू लागतं, होरसचं मोठं देऊळ असलेलं गाव, तिथे आम्ही रात्रीच लागलो होतो. पहाटे साडेपाचला दारावर टकटक, सहाला खाली, धक्क्यावर घोडागाड्यांची रांग, गाडीवाल्यांची आरडाओरड, धुळीतून पळत देवळाशी, तिथे तिकिटाची रांग आणि मग आत एकाच वेळी वीस-पंचवीस ग्रुप, प्रत्येक गाईडच्या हातात वेगळ्या रंगाचा झेंडा. दीड तास दिला होता, त्यातला येण्याजाण्यात आणि रांगेत किती गेला ते तुम्हीच धरा. या देवळाचं काम इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू झालं आणि ५७ मध्ये संपलं, म्हणजे १८० वर्षं ते लोक बांधत होते, बापाने सुरू केलेली भिंत नातवाच्या नातवाने पुरी केली असेल. नंतर ते वाळूत आणि नाईलच्या गाळात इतकं गाडलं गेलं की लोकांनी छपरावर घरं बांधली होती, १८६० मध्ये ऑगस्त मारिएत या फ्रेंच माणसाने ते उकरून काढायला घेतलं. गाळानेच ते इतकं शाबूत राहिलं. हे सगळं मी घरी येऊन वाचलं, तिथे उभं असताना कळायला फुरसत कुठे होती. आतल्या छताला धुराची काजळी चढलेली दिसते, नंतरच्या काळात तिथे लोक राहिले, चुली पेटल्या त्याची, आणि मी मान वर करून ती बघत असतानाच आमचा झेंडा दुसऱ्या दालनात गेला.

याच एडफूला एक जत्रा असायची. उत्तरेला देंडेरा म्हणून ठिकाण आहे, तिथली देवी हाथोर वर्षातून एकदा बोटीत बसून नदीने वर एडफूला यायची, होरसला भेटायला, मूर्ती बोटीत, बरोबर लवाजमा, वाटेतल्या गावांतून लोक काठावर जमायचे, आणि ती जवळजवळ पंधरा दिवस राहून मग परत जायची. आपल्याला हे समजावून सांगायला लागत नाही. जेजुरीचा खंडोबा सोमवती अमावास्येला पालखीत बसून कऱ्हेवर आंघोळीला जातो आणि हजारो माणसं भंडारा उधळत बरोबर जातात, तेही हेच. लक्झरजवळच्याच कार्नाकच्या देवळातला अमून देवही वर्षाच्या उत्सवात लक्झरच्या देवळात जायचा, कधी खांद्यावरून तर कधी नदीवरून. म्हणजे नदीवरून देवळाला जाणं हा कुणा टूर कंपनीने काढलेला प्रकार नाहीच, देव स्वतः तसे जायचे. फरक एवढाच की देवी पंधरा दिवस राहायची आणि आम्हाला दीड तास.

आणि रात्री बोटी धक्क्याला लागतात त्या एकीला एक चिकटून. आमची कधी तिसरी असायची कधी पाचवी, त्यामुळे काठावर जायचं तर मधल्या चार बोटींच्या लॉबीतून चालत जायचं. सकाळी खिडकीचा पडदा सरकवला की समोर नाईल नाही, हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतली खिडकी, आणि जनरेटरचा डिझेलचा वास. नदीवर राहायला म्हणून पैसे भरले आणि नदीच झाकली गेली. कोम ओम्बोला पोचलो तेव्हा अंधार झाला होता. ते देऊळ नाईलच्या वळणावर आहे, इतकं कडेला की पुढच्या आवाराचा काही भाग पूर्वी नदीनेच खाऊन टाकला, आणि आम्हाला तिथून नदीचं वळण दिसलंच नाही. काळोखात फक्त बोटींचे दिवे. ज्या जागेसाठी ते देऊळ तिथे आहे तीच बघायची राहिली, का, तर रात्रीत अस्वानला पोचायचं होतं.

आता फिलेचं सांगते, कारण माझ्या मते सगळा मुद्दा तिथे आहे. फिले हे इसिस देवीचं देऊळ, अस्वानजवळ नदीतल्या बेटावर. इजिप्तच्या जुन्या चित्रलिपीतला सगळ्यात शेवटचा माहीत असलेला लेख इथेच कोरलाय, सन ३९४ चा. १९०२ मध्ये इंग्रजांच्या काळात अस्वानला पहिलं धरण झालं आणि हे देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात जायला लागलं, लोक होड्या वल्हवत खांबांमधून फिरायचे. खांबांवर पाण्याची ती रेघ आजही दिसते, खाली काळपट, वर उजळ, आणि भिंतींवरचे रंग धुऊन गेले ते गेलेच. पुढे दुसरं, मोठं धरण आलं आणि देऊळ वाचवायचं तर उचलायलाच हवं अशी वेळ आली. युनेस्कोने १९६० मध्ये जगाला हाक दिली, पैसे गोळा झाले, फिलेभोवती बांध घालून पाणी उपसलं, सुमारे ४० हजार दगडांवर नंबर टाकून ते एकेक सुटे केले आणि शेजारच्या अगिलकिया बेटावर परत रचले, ते बेटसुद्धा तासून जुन्या बेटासारखं केलं. १९८० मध्ये देऊळ परत लोकांसाठी उघडलं. त्याच मोहिमेत अबू सिंबेलची डोंगरात कोरलेली देवळं कापून ६५ मीटर वर चढवली.

गाईड हे सांगत होता, मी आईला मराठीत सांगत होते, आणि १९८० म्हटल्यावर ती एकदम गप्प झाली. आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. तिचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. उजनीचं धरण झालं तेही १९८० मध्येच. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ त्याच पाण्यात आहे, उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं की वर येतं, मग पेपरात फोटो येतात, लोक होडीने बघायला जातात, आणि पावसाळ्यात परत बुडतं. आई लहानपणी तिथे जायची. तिने खांबावरच्या त्या पाण्याच्या रेघेवर हात ठेवला, हात लावायचा नसतो हे तिला माहीत होतं तरी ठेवला, आणि म्हणाली, "आमचा पळसनाथ नाही कुणी उचलला." मला काही बोलता आलं नाही. परत येताना मोटरबोटीत तिने पाण्याची रिकामी बाटली कडेने वाकून भरून घेतली. ती बाटली आज आमच्या देवघरात आहे, काशीहून आणलेल्या गंगेच्या गडूशेजारी.

मी याचा बराच विचार केला. तिकडे देऊळ उचललं हे फार मोठं काम होतं, त्यात मला शंका नाही. पण त्याच धरणासाठी नुबियातल्या, म्हणजे अस्वानच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या, सुमारे ५० हजार लोकांना गावं सोडावी लागली, त्यातल्या बऱ्याच जणांना कोम ओम्बोच्या बाजूला नेऊन वसवलं, नदीपासून लांब. शेकडो पिढ्या नदीवर काढलेली माणसं. दगडांवर नंबर टाकले होते, त्यामुळे कुठला दगड कुठे गेला ते माहीत आहे. आपल्याकडेही देवळं हलवल्याची उदाहरणं आहेत, नागार्जुनसागर धरणात जाणारे नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष टेकडीवर नेले, ती टेकडी आता बेट झालीय आणि तिथे लाँचनेच जावं लागतं. भीमेवर ते झालं नाही. पण उचललेलं फिले असो की बुडालेला पळसनाथ, दोन्हीकडे आधी नदीचा निर्णय झाला, देवळाचं आणि माणसांचं काय ते नंतर बघितलं. नदी म्हणजे पाण्याचं खातं आणि देऊळ म्हणजे पुरातत्त्व खातं, हे एकदा वेगळं केलं की असंच होणार.

नाईलच्या काठची देवळं सध्या ज्या त्रासात आहेत तोही असाच आहे. पूर थांबला म्हणजे देवळं सुरक्षित झाली असं वाटेल, पण आता बारमाही कालव्याचं पाणी शेतात मुरतं, जमिनीतलं पाणी वर चढतं, ते दगडात ओढलं जातं, सुकताना मीठ सोडतं आणि कोरीवकामाचा पापुद्रा निघतो. कार्नाकला, लक्झरला, कोम ओम्बोला जमिनीतलं पाणी खाली उतरवायची कामं करावी लागली. म्हणजे नदी बदलली की देऊळ आजारी पडतं, अगदी शब्दशः.

आता ठाण्यात या. आपल्याला वाटतं नाईल कुठे आणि आपली खाडी कुठे, पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण आणि सोपाऱ्याची बंदरं नावानिशी आहेत, आणि ती लिहिणारा इजिप्तमधलाच व्यापारी होता. माल नाईलवरून कॉप्टोस गावापर्यंत, तिथून उंटांवर तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके बंदरात, तिथून मान्सूनच्या वाऱ्याने आपल्या किनाऱ्यावर. बेरेनिकेच्या देवळाच्या अंगणात भारतीय रांजणात भरलेले साडेसात किलो काळे मिरे उत्खननात सापडलेत. उल्हास नदी आणि नाईल एकाच व्यापाराची दोन टोकं होती, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही, आणि नाईलच्या बोटीवरही नाही. कल्याणच्या खाडीतून बोट चालवणाऱ्याने एवढी एक गोष्ट जरी लोकांना सांगितली तरी त्या गढूळ पाण्याकडे बघायची नजर बदलेल.

आणि अंबरनाथ. ज्या सर्किटची सगळे चर्चा करतात त्यातलं सगळ्यात मोठं रत्न हेच. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ चा म्हणजे १०६० चा शिलालेख असलेलं, शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी असतात त्या भूमिज शैलीचं, बाहेरच्या भिंतीवर इंचभर जागा कोरी नाही. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या खाली उतरतात, खाली अर्धवट अंधार, ओलसर गारवा, आणि वर शिखर पूर्ण नाही त्यामुळे आकाशाचा उजेड येतो. ठाण्याहून लोकलने तासाभरात पोचता येतं. इजिप्तहून आल्यावर मी आईला पहिल्यांदा तिथे नेलं, इतकी वर्षं ठाण्यात राहून आम्ही दोघी गेलोच नव्हतो हे खरं. पायऱ्या उतरून ती वीस मिनिटं खाली बसली, कुणी उठवलं नाही. वर आल्यावर तिने देवळाला फेरी मारली आणि कडेला, जिथून वालधुनी जाते, तिथे जाऊन उभी राहिली. पाणी काळं, वर फेस, आणि वास असा की तिने पदर नाकाला लावला. ती वालधुनी पुढे उल्हासनगरातून कल्याणला जाऊन उल्हास नदीला मिळते, म्हणजे ज्या पाण्यातून उद्या आपण क्रूझ काढणार त्या पाण्यात. कारखान्यांचं पाणी, शहरांचं सांडपाणी, सगळं घेऊन.

मला विचाराल तर यात कायद्याचीच एक मोठी फट आहे. संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगी लागते, २०१० पासून हे कडक झालंय आणि झालं ते चांगलंच झालं. पण ही सगळी नजर दगडमातीच्या बांधकामावर. त्याच १०० मीटरमधून वाहणाऱ्या पाण्याचा विषय दुसऱ्या खात्याकडे, पाणी कुठून येतं तो तिसऱ्याकडे. देवळाशेजारी एक खोली वाढवायची म्हटलं तर नोटीस येते, आणि देवळाच्या पायाशी वर्षानुवर्षं फेसाळ पाणी वाहतं. शिलाहारांच्या स्थपतीने देऊळ त्या नदीच्या काठी उगीच नाही बांधलं, आंघोळ करून ओलेत्याने आत यायचं, अभिषेकाचं पाणी तिथूनच आणायचं, हे गृहीत धरून बांधलं. आज महाशिवरात्रीला लाखो माणसं दर्शनाला येतात आणि त्यातला एकही माणूस त्या पाण्यात हात बुडवू शकत नाही. परिसराचं सुशोभीकरण होतंय, घाट, दिवे, फरशा, ते होऊ दे, पण घाट पाण्यासाठी असतो.

माझं म्हणणं सोपं आहे. देवळासाठी जलपर्यटन सुरू करायचं असेल तर त्या योजनेत पहिला खर्च नदीचा धरा, जेट्टीचा नंतर. ज्या देवळाच्या नावावर तिकीट विकणार त्याच्या वरच्या अंगाचं पाणी किती स्वच्छ झालं ते दर महिन्याला जेट्टीवर बोर्ड लावून लिहा, कोम ओम्बोच्या विहिरीत पुजारी जसं मोजायचे तसं. तिकिटातला ठराविक हिस्सा त्या नदीवरच खर्च व्हायला हवा आणि तो कुठे गेला ते त्याच बोर्डवर हवं.

दुसरं, बोटी कमी आणि थांबा मोठा. यावर लगेच ऐकायला मिळतं की मग धंदा कसा होणार, लोकांना रोजगार कसा मिळणार. मी उलट सांगते. एडफूच्या बाजारात मी बघितलं, दुकानदार स्कार्फ हातात धरून आमच्यामागे धावत होता, मला तो स्कार्फ खरंच घ्यायचा होता आणि थांबायला वेळ नव्हता. जेवण बोटीवर, चहा बोटीवर, झोप बोटीवर, काठावरच्या माणसाला मिळतं काय, तर घोडागाडीची एक फेरी. तेच लोक दिवसभर थांबले असते तर दोन वेळा जेवले असते, गाईडला शांतपणे बोलता आलं असतं, गाडीवाल्याचा घोडाही ऊर फुटेस्तोवर पळाला नसता. थांबा जितका मोठा तितका काठ जगतो. नर्मदा परिक्रमेत हे आपल्या लोकांनी कधीच ओळखलं होतं, नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं, तिला ओलांडायचं नाही, घाई करायची नाही, आणि काठावरची गावं त्या परिक्रमावासीयाला जेवू घालतात.

तिसरं, भाडं. २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रूगडला गंगा विलास निघाली, ५१ दिवस, ३२०० किलोमीटर, २७ नद्या. मार्ग वाचूनच मला हेवा वाटला, पण ३६ प्रवाशांच्या त्या बोटीत आमच्यासारख्या घरातलं कोण बसणार. बेलापूरहून २०२२ मध्ये वॉटर टॅक्सी सुरू झाली तेव्हाही नवी मुंबईतल्या माझ्या बहिणीने चौकशी केली आणि भाडं ऐकून सोडून दिलं. घारापुरीला मात्र गेटवेहून साधी लाँच जाते, शाळेच्या सहली जातात, गावाकडून आलेले पाहुणे जातात, तासभर वाऱ्यावर बसून सगळे एकत्र त्या बेटाला पोचतात आणि मग त्या जवळपास वीस फुटी सदाशिवासमोर उभे राहतात. समुद्रातून आल्याशिवाय घारापुरीचा अर्थ लागत नाही, आणि तो अर्थ साध्या तिकिटात मिळतो, हे आपलं आधीपासून चालत आलेलं चांगलं उदाहरण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली, त्यामुळे लाइफ जॅकेट, प्रवाशांची मोजणी, यात एक पैशाची कसर नको. पण महाग बोट म्हणजे सुरक्षित बोट असा अर्थ काढून साधी लाँच मोडीत काढू नका. आमच्या खाडीतही तशीच लाँच हवी, टीएमटीच्या बसच्या भाड्याच्या जवळपास, आणि ती चालवायला चेंदणी कोळीवाड्यातली मुलं हवीत, ज्यांच्या घरातली मासेमारी याच घाणीने आणि गाळाने संपवली. भरती-ओहोटी त्यांना घड्याळ न बघता कळते.

ग्रुपवर एकाने लिहिलं की आधी नदी साफ करायची म्हटलं तर पन्नास वर्षं क्रूझ येणार नाही. असेल. पण बोट आधी आणली आणि नदी मागे ठेवली तर काय होतं हे मी नाईलवर बघितलं, आणि ती तर वालधुनीपेक्षा कितीतरी चांगल्या स्थितीतली नदी आहे. लोक येतात, नाक मुठीत धरून फोटो काढतात, दुसऱ्यांदा येत नाहीत, आणि मग म्हणतात की आपल्याकडे काही बघण्यासारखं नाही.

अंबरनाथला त्या दिवशी आईने मला विचारलं की ही नदी येते कुठून. मला सांगता आलं नाही. डोंगरातून येते एवढंच माहीत होतं. घरी आल्यावर नकाशावर बोट फिरवत फिरवत आम्ही दोघींनी शोधलं, अंबरनाथच्याही वर, कारखाने सुरू व्हायच्या आधी, हिरव्यात एक निळी रेघ आहे. पाऊस आता संपत आलाय, येत्या रविवारी रिक्षा करून जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जायचं ठरलंय. आईने एक रिकामी बाटली धुऊन ओट्यावर पालथी घालून ठेवलीय.